खसरा ते सर्व्हर : वर्धा जिल्ह्यातील भूमिअभिलेखांचे संगणकीकरण आणि मंदगतीच्या निदानाचा इतिहास

प्रस्तावना

भारत सरकारने १९८८-८९ मध्ये भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची पथदर्शी योजना देशातील आठ जिल्ह्यांत हाती घेतली. आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी, आसाममधील सोनितपूर, बिहारमधील सिंहभूम, गुजरातमधील गांधीनगर, मध्य प्रदेशातील मोरेना, ओरिसातील मयूरभंज व राजस्थानातील डुंगरपूर या सात जिल्ह्यांच्या जोडीने महाराष्ट्रातून निवडला गेलेला जिल्हा म्हणजे वर्धा होय. सेवाग्राम, पवनार व नई तालीम यांच्या संदर्भात या जिल्ह्याचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. मात्र देशातील शेतजमिनीची नोंद कागदावरून यंत्रावर नेण्याच्या पहिल्या प्रयोगाची भूमी म्हणून त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

संगणकीकरणात इतक्या लवकर आलेल्या जिल्ह्यातही पुढे जवळजवळ तीन दशकांनी, खरीप हंगामाच्या तोंडावर सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे गेलेल्या शेतकऱ्याला ‘सर्व्हर स्लो आहे’ हेच उत्तर ऐकावे लागत होते. हे उत्तर ऐकणारा आणि देणारा, दोघेही मंदगतीला यंत्राचा दोष समजतात. प्रस्तुत निबंधात या मंदगतीकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहिले आहे. कोणत्याही गजबजलेल्या माहितीसंचात काम कोठे थांबून राहते हा निदानाचा पहिला प्रश्न असतो. वर्धा जिल्ह्याच्या भूमिअभिलेखांत थांबण्याची ही जागा प्रत्येक टप्प्यावर बदलत गेली. ती ओळखण्याची रीतही पटवाऱ्याच्या दप्तरात बऱ्याच अंशी आधीच अस्तित्वात होती, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

पटवाऱ्याचे दप्तर

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाडात रयतवारी होती, तर अलीकडे मध्य प्रांताची मालगुजारी. एका नदीच्या दोन काठांवर महसुलाची दोन भिन्न दप्तरे चालत होती. मध्य प्रांतातील पटवारी खसरा लिहीत असे. त्यात शेताच्या क्रमांकानुसार क्षेत्र, कब्जेदार व पीक यांची नोंद असे. त्याच माहितीची दुसरी मांडणी जमाबंदीत असे आणि ती कुळाच्या नावानुसार केलेली असे. क्षेत्रांचा मेळ घालण्यासाठी मिलान खसरा होता. आजही विदर्भातील दस्तऐवजांवर ‘प. ह. नं.’ म्हणजे पटवारी हलका नंबर लिहिला जातो. पद बदलले तरी त्या दप्तराची खूण टिकून राहिली आहे.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आली. १९५४-५५ मध्ये नवे अधिकार अभिलेख तयार झाले आणि त्यांत भूमिस्वामी व भूमिधारी अशा धारणापद्धती नोंदवल्या गेल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि १९७१ च्या नियमांनी अधिकार अभिलेखाचे नमुने ठरवून दिले. भूमिस्वामी व भूमिधारी यांच्या जागी भोगवटादार वर्ग १ व वर्ग २ आले. गाव नमुना सात, बारा, आठ-अ व सहा हे मुंबई इलाख्याच्या हिशेबपद्धतीतून आलेले नमुने खसरा-जमाबंदीच्या प्रदेशात रुजले. आजच्या संगणकाच्या परिभाषेत ज्याला जुन्या रचनेतून नव्या रचनेत माहितीचे स्थलांतर म्हटले जाते, ते वर्धा जिल्ह्याने वीस वर्षांच्या आत दोनदा अनुभवले होते आणि तेही शाईने व हाताने.

अमेरिकेत आय.बी.एम. या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित माहितीसंचाची संकल्पना मांडली. माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळ तिच्या ओळखक्रमांकाने ओळखावी आणि तक्त्यांचे परस्परसंबंध त्या क्रमांकांनी जुळवावेत, हे तिचे सार होय. गाव नमुने या चौकटीत पाहिले असता साम्य चटकन ध्यानात येते. नमुना सातमध्ये भूमापन क्रमांकानुसार हक्क, नमुना बारामध्ये त्याच क्रमांकानुसार पीक, आठ-अ मध्ये खातेदारानुसार त्याच जमिनी आणि नमुना सहामध्ये झालेल्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद असते. सात आणि बारा या दोन तक्त्यांची जोडणी म्हणजेच सातबारा. आठ-अ ही त्याच माहितीची नावानुसार लावलेली सूची. कॉड यांनी तलाठ्याचे दप्तर पाहिले नव्हते आणि तलाठ्याने कॉड वाचले नव्हते. परंतु जमीन कोणाची आणि कोणाची जमीन कोणती, हे दोन वेगळे प्रश्न असून त्यांना दोन वेगळ्या मांडण्या लागतात, हे दोघांनाही ठाऊक होते.

या दप्तराला एक मोठा फायदा होता. ते साझ्यापुरते होते. रीठ म्हणजे उजाड गावे धरून जिल्ह्यात तेराशेंच्या वर गावे आहेत. आष्टीच्या एका गावातील नोंद शोधताना समुद्रपूरच्या दप्तराचा अडथळा येण्याचे कारण नव्हते. शोधाचे क्षेत्र आपोआप मर्यादित होते आणि एका पटवाऱ्याच्या दाराशी उभी असलेली रांग दुसऱ्याच्या दारापर्यंत पोहोचत नव्हती.

पथदर्शी प्रकल्प : प्रतीक्षेची पहिली जागा

राज्यांच्या महसूल मंत्र्यांच्या १९८५ च्या परिषदेत भूमिअभिलेखांचे संगणकीकरण केंद्रीय योजना म्हणून प्रायोगिक स्वरूपात घ्यावे, अशी शिफारस झाली होती. तीतून १९८८-८९ ची योजना आली. खर्च केंद्राचा, तांत्रिक साहाय्य राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे आणि माहिती महसूल यंत्रणेची, अशी तिची वाटणी होती.

या टप्प्यावर संगणक मंद असल्याची तक्रार गौण होती. काम थांबत होते ते माहिती भरण्यापाशी. निधी अंमलबजावणी करणाऱ्यांकडे पोहोचण्यास विलंब, गरजेनुसार आज्ञावली तयार होण्यास विलंब, क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची तोकडी सोय, माहिती भरून देणाऱ्या कंत्राटदारांची वानवा आणि प्रशासनाचे अपुरे लक्ष ही देशपातळीवर योजनेच्या धिम्या प्रगतीची कारणे म्हणून नमूद झाली आहेत. लिपीचा प्रश्न यांहून निराळा होता. भारतीय लिप्यांसाठीचे सांकेतिक प्रमाण १९९१ मध्ये निश्चित झाले. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षाची. म्हणजे ‘वऱ्हाडे’ हे आडनाव यंत्रात कसे साठवावे याचा निर्णय पक्का होण्यापूर्वीच वऱ्हाडाच्या शेजारच्या जिल्ह्यातील आडनावे यंत्रात भरण्याचे काम सुरू झाले होते. या घाईचे मोल पुढे मोजावे लागले. ई-फेरफारपूर्वी राज्यभरातील जुना साठा युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागला.

१९९७-९८ मध्ये ही योजना तहसील पातळीवर प्रत्यक्ष वापरात आणण्याचा निर्णय झाला. तालुक्याच्या ठिकाणी संगणकावरील सातबारा मिळू लागला. परंतु तलाठ्याचे हस्तलिखित दप्तरही चालूच राहिले. फेरफार आधी हाताने होई आणि नंतर तालुक्याच्या संगणकावर उतरवला जाई. दोन दप्तरे असली की दोहोंत अंतर पडतेच. कर्नाटकात भूमी प्रकल्पाच्या अंमलबजावणीत, २००१ च्या सुमारास, संगणकीय उतारा सुरू झालेल्या तालुक्यांत हस्तलिखित उतारा रद्दबातल ठरवण्यात आला. महाराष्ट्राने हा कठोर निर्णय बराच लांबवला, आणि त्यामुळेच १९८८-८९ मधील आरंभ वर्धा जिल्ह्याला फारसा उपयोगी पडला नाही असे म्हणावे लागते.

एकाच दारावरची रांग

राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम ऑगस्ट २००८ मध्ये मंजूर झाला. त्यानंतरच्या दशकात महाराष्ट्रात ई-फेरफार आज्ञावली टप्प्याटप्प्याने लागू झाली. तालुक्यातालुक्यांत विखुरलेली माहिती राज्याच्या माहिती केंद्रातील सर्व्हरवर गेली आणि तलाठी आपल्या डिजिटल स्वाक्षरीने लॅपटॉपवरून थेट तेथे नोंद करू लागला. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताची माहिती संगणकानेच त्याच्याकडे येऊ लागली. दोन दप्तरांतील अंतर मिटवण्याचा हा खरा उपाय होता. परंतु साझ्यासाझ्यांत विभागलेली रांग त्यामुळे एकाच दारावर आली. २०१६ च्या सुमारास तलाठी संघटनांच्या मागण्यांत लॅपटॉप व इंटरनेट जोडणीबरोबर सर्व्हरच्या गतीचा विषय आग्रहाने मांडला गेला. दिवसा न होणारे काम रात्री उशिरा किंवा पहाटे उरकण्याची सवय अनेकांनी लावून घेतली.

या गर्दीला हंगाम होता. कापूस, सोयाबीन व तूर यांवर उभ्या असलेल्या या जिल्ह्यात मे-जूनमध्ये पीककर्जासाठी आणि जुलैमध्ये पीकविम्यासाठी सातबारा व आठ-अ लागतात. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये समाविष्ट झालेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांपैकी वर्धा एक आहे. पेरणीचा वाफसा निघून गेल्यावर मिळालेले कर्ज आणि वेळेत मिळालेले कर्ज यांतील फरक येथे सावकाराच्या व्याजात मोजला जातो. त्यामुळे एका उताऱ्याला लागणारा वेळ ही केवळ तांत्रिक बाब उरत नाही.

निदानाची रीत

मंदगतीच्या तक्रारीवर पहिला उपाय म्हणून बहुधा मोठे यंत्र मागितले जाते. ते कधी उपयोगी पडते, परंतु कारण कळल्याशिवाय घेतलेले यंत्र काही महिन्यांतच पुन्हा अपुरे ठरते. माहितीसंचाला लागणाऱ्या वेळेचे दोन भाग असतात : प्रत्यक्ष काम आणि प्रतीक्षा. ते वेगळे करण्याची एक साधी चाचणी आहे. एकाच गावाचा एकच सातबारा पहाटे व भर दुपारी काढून पाहावा. पहाटे झटपट आणि दुपारी रखडत निघाला, तर दोष गर्दीत किंवा कुलपांत आहे. दोन्ही वेळा रखडला, तर शोधण्याची पद्धत सदोष आहे. एकाच कार्यालयात रखडला आणि शेजारच्या तालुक्यात नाही, तर सर्व्हरला दोष देण्याचे कारण नाही, जोडणी तपासावी. रात्री काम करणाऱ्या तलाठ्यांनी नकळत हीच चाचणी केली होती आणि तिचे उत्तर बऱ्याच अंशी गर्दीकडे बोट दाखवणारे होते.

शोधण्याच्या पद्धतीचा विचार करताना आठ-अ कडे पुन्हा वळावे लागते. सूची नसेल तर यंत्राला तक्त्याची प्रत्येक ओळ वाचावी लागते. सूची असेल तर ते थेट जागेवर जाते. यासाठी आज सर्रास वापरली जाणारी वृक्षाकार सूचीरचना बायर व मॅक्रेट यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी मांडली. परंतु सूचीही सुरुवातीच्या अक्षरांवरून चालते. नावाच्या मधले अक्षर देऊन शोध घेतला की तिचा उपयोग संपतो आणि यंत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागते. महाभूलेख संकेतस्थळावर जिल्हा, तालुका व गाव निवडल्यावरच नाव किंवा भूमापन क्रमांक टाकता येतो, याकडे या दृष्टीने पाहावे. वापरणाऱ्याला तो एक सोपस्कार वाटतो. वस्तुतः त्यामुळे राज्यभराचा शोध एका गावापुरता होतो, म्हणजेच पटवारी हलक्याची जुनी सीमा यंत्रात पुन्हा आखली जाते.

सूची फुकट मिळत नाही. प्रत्येक सूचीमागे प्रत्येक फेरफाराच्या वेळी एक जादा लेखन येते. दप्तरात एक नवी नोंदवही वाढली की प्रत्येक वारसनोंदीला आणखी एक ठिकाणी लिहावे लागते, हे कोणत्याही जुन्या पटवाऱ्याला सांगावे लागले नसते. वाचन मंद आहे म्हणून सूची वाढवत जाणाऱ्या व्यवस्थेत काही काळाने लेखन मंद होते आणि तक्रार केवळ खिडकी बदलते.

याहून सूक्ष्म कारण अंदाजाचे आहे. कोणत्या मार्गाने माहिती शोधावी हे माहितीसंच स्वतः ठरवतो. आय.बी.एम.च्याच प्रयोगशाळेत पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये या निर्णयाची खर्चाधारित पद्धत मांडली. तक्त्यात किती ओळी आहेत, कोणते मूल्य किती वेळा येते, यांच्या आकडेवारीवरून यंत्र खर्चाचा अंदाज करते. ही आकडेवारी नजर पैसेवारीसारखी असते. ती जुनी झाली की निर्णय चुकतो. शिवाय अनेक माहितीसंच एकदा ठरवलेला मार्ग जपून ठेवतात व पुन्हा वापरतात. मोजकी खाती असलेल्या रिठी गावासाठी ठरलेला मार्ग हिंगणघाटलगतच्या हजारो खात्यांच्या गावासाठी वापरला गेला, तर तोच सातबारा विनाकारण रखडतो. अशा वेळी यंत्र बदलून काही होत नाही. आकडेवारी ताजी करणे आणि मार्ग नव्याने ठरवायला लावणे एवढेच पुरते. वरवर पाहता यादृच्छिक वाटणारी मंदगती, म्हणजे काल चालले व आज नाही अशी, पुष्कळदा येथून येते.

पेन्सिलीची नोंद

कुलपांचा प्रश्न मात्र भूमिअभिलेखाच्या इतिहासाशी सर्वांत जवळचा आहे. फेरफार प्रमाणित होताना नमुना सात, आठ-अ व सहा एकाच वेळी बदलले पाहिजेत. एक बदलला आणि दुसरा राहिला असे होता कामा नये. म्हणून माहितीसंच त्या ओळींना कुलूप लावतो आणि काम पुरे होईपर्यंत इतरांना थांबवतो. हे कुलूप क्षणभराचे असेल तर कोणालाही जाणवत नाही. परंतु आज्ञावलीने कुलूप लावून माणसाच्या उत्तराची वाट पाहिली, म्हणजे चौकट उघडी आणि कर्मचारी जुना दस्त शोधतो आहे असे झाले, तर त्याच्यामागे सारी रांग तुंबते. जिल्ह्याच्या आढावा बैठकीसाठी कामाच्या वेळेत काढलेले मोठे अहवालही काही रचनांत हेच करतात.

हस्तलिखित दप्तराने यावर फार पूर्वी उपाय काढला होता. फेरफार नोंदवला की सातबाऱ्यावर त्याची नोंद पेन्सिलीने होई. हितसंबंधितांना नोटीस जाई, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जात आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच ती शाईने पक्की होई. या काळात सातबारा कोणालाही पाहता येत असे. जुना हक्क शाईत आणि होऊ घातलेला बदल पेन्सिलीत, दोन्ही एका पानावर. वाचणाऱ्याने लिहिणाऱ्यासाठी थांबू नये म्हणून आजचे माहितीसंच ओळीची जुनी आवृत्ती जपून ठेवतात व बदल पक्का होईपर्यंत तीच दाखवतात. तत्त्व तेच आहे. पेन्सिलीची नोंद तर याच्याही एक पाऊल पुढे होती, कारण ती येऊ घातलेला बदलही दाखवत होती. २०२० मध्ये जाहीर झालेल्या सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात प्रलंबित फेरफाराचा उल्लेख व शेवटच्या फेरफाराचा क्रमांक छापला जातो. पेन्सिल अशी यंत्रात परतली.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. पंधरा दिवसांचा कालावधी म्हणजे मंदगती नव्हे. तो कायद्याने ठेवलेला अवकाश आहे आणि ज्या भावाला किंवा बहिणीला हिश्शातून वगळले गेले असेल तिच्यासाठी तो आहे. गतीच्या नावाखाली तो कमी करण्याची सूचना अधूनमधून होते. ती सूचना यंत्राची प्रतीक्षा आणि न्यायाची प्रतीक्षा यांत गल्लत करते.

मेळ घालणे आणि वाटा वेगळ्या करणे

२०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर संगणकीय सातबाऱ्याचे चावडी वाचन झाले. हस्तलिखित व संगणकीय नोंदींतील फरक गावासमोर वाचून हरकती घेण्यात आल्या आणि री-एडिट आज्ञावलीद्वारे दुरुस्त्या झाल्या. सातबाऱ्यावरील एकूण क्षेत्र व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज न जुळणे, सातबारा व आठ-अ यांत विसंगती असणे, असे दोष संगणकानेच काढून दिलेल्या अहवालांतून पुढे आले. हा मिलान खसऱ्याचाच नवा अवतार होय. मंदगतीशी याचा संबंध प्रथमदर्शनी दिसत नाही. परंतु ज्या साठ्यात विसंगती आहे तेथे प्रत्येक फेरफार कोठेतरी अडतो, तहसीलदाराच्या दुरुस्ती आदेशाची वाट पाहतो, आणि शेतकऱ्याच्या लेखी ती प्रतीक्षाही सर्व्हरचीच ठरते. त्याच वर्षी कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन मागवण्यात आले, तेव्हा बँकेतील नाव, आधारवरील नाव व सातबाऱ्यावरील नाव यांचा मेळ लावताना हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आला.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. स्वाक्षरी होऊन तयार असलेला उतारा थेट डाउनलोड करता येऊ लागल्याने केवळ प्रत हवी असणारा माणूस तलाठ्याच्या रांगेतून बाजूला झाला. नोंदी करण्यासाठी ई-फेरफार, पाहण्यासाठी महाभूलेख आणि प्रमाणित प्रतीसाठी स्वाक्षरीचा साठा, अशा वाटा वेगळ्या झाल्या. लिहिणारे थोडे आणि वाचणारे पुष्कळ असलेल्या माहितीसंचात हा उपाय यंत्र वाढवण्यापेक्षा अधिक परिणामकारक असतो.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि नमुना बारा लिहिण्याचे काम तलाठ्याकडून शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीकडे आले. लिहिणारे एकाएकी लाखोंनी वाढले आणि तेही खरिपाच्या त्याच मोजक्या आठवड्यांत. छायाचित्रांसह येणाऱ्या या नोंदींनी पहिल्याच हंगामात सर्व्हरवर ताण आला. पुढील वर्षीच्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानली गेली, ती दुरुस्त करण्यास ४८ तासांची मुभा मिळाली आणि तलाठ्याने तपासायच्या नोंदी किमान दहा टक्क्यांवर आल्या. पीकनोंदीची प्रतीक्षा याप्रमाणे नमुना तपासणीने कमी झाली. हक्काच्या नोंदीला हा मार्ग मोकळा नाही. तेथे प्रत्येक फेरफार आजही मंडळ अधिकाऱ्याच्या प्रमाणीकरणासाठी थांबतो.